कडेवरचं जग

पाच महिन्यांच्या बाळाचा पासपोर्टसाठी फोटो काढायचा म्हणजे फोटोवाल्याच्या संयमाची परीक्षाच. मागे पांढरं हवं, डोळे उघडे हवेत, तोंड समोर हवं आणि आधार देणारा आईचा हात दिसता कामा नये. मग टेबलावर पांढरा टॉवेल पसरायचा, त्यावर बाळाला उताणं निजवायचं, बाबांनी खुळखुळा वाजवायचा आणि फोटोवाल्याने खुर्चीवर चढून वरून टिपायचं. एवढा खटाटोप करून काढलेला फोटो पुढे पाच वर्षं चालतो, कारण लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. त्यामुळे केस वाढलेला, दात आलेला, अखंड बडबडणारा चार वर्षांचा मुलगा इमिग्रेशनच्या काउंटरपुढे येतो, तेव्हा अधिकाऱ्याच्या हातात एका टकल्या, बोळक्या तोंडाच्या बाळाचा चेहरा असतो. अधिकारी एकदा फोटोकडे बघतो, एकदा मुलाकडे आणि मग आईबापांकडे. शिक्का पडतो तो आईबापांचा दमलेला चेहरा बघून, असा माझा कयास आहे.

काउंटरपर्यंत पोचण्याआधी घरातलं काउंटर पार करावं लागतं. ‘‘एवढ्याशा पोराला कशाला नेताय? त्याला काय आठवणार आहे?’’ हा प्रश्न तिकिटाच्या आधी येतो. विचारणाऱ्यांचंही चुकत नाही. त्यांच्या पिढीत परदेश म्हणजे निवृत्तीनंतरची ग्रुप टूर, तीही मुलांची लग्नं उरकल्यावर. आता त्याच टूरच्या बसमध्ये आजी-आजोबा, मुलगा-सून आणि कडेवरचं नातवंड अशा तीन पिढ्या असतात. पूर्वी लेक बाळंतपणाला माहेरी यायची. आता आई डिंकाचे लाडू घेऊन न्यू जर्सीला जाते आणि पुढे ते बाळ सहा-आठ महिन्यांचं झालं, की आजोळी यायला पहिल्यांदा विमानात बसतं. मौजेसाठी असो की नात्यासाठी, आपली पोरं चालायला लागायच्या आधी उडायला लागली आहेत.

यात हिशेबही असतो, तो लपवायचं कारण नाही. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसणार असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के पडतं. शेंगेन व्हिसाची फी जून 2024पासून मोठ्यांना 90 युरो आहे, सहा ते बारा वयाच्या मुलांना 45 आणि सहा वर्षांखालच्यांना शून्य. म्हणून ‘दोन पूर्ण व्हायच्या आत एक मोठा प्रवास उरकून घेऊ’ असा बेत अनेक घरांत शिजतो. फक्त तारखा नीट बघाव्यात. प्रवासाच्या मध्यावर दुसरा वाढदिवस आला तर परतताना त्याला स्वतःची सीट घ्यावी लागते, आणि तिथे दहा टक्क्यांचं गणित संपतं.

पण त्या मूळ प्रश्नाला मी वेगळं उत्तर देईन. मुलाला काय आठवेल ते असू द्या. मूल कडेवर असताना आपल्याला जे दिसतं ते एरवी दिसत नाही. एकटीने फिरताना कुठल्याही शहरात फुटपाथची कड किती उंच आहे हे मी बघितलं नव्हतं. बाबागाडी हातात आल्यावर पहिल्याच चौकात ते कळलं. लिफ्ट कुठे आहे, पाणी कुठे गरम मिळतं, बाळ किंचाळलं की शेजारचा माणूस मान वळवतो की हात पुढे करतो, यावरून देश ओळखू येतो. आणि फिरता फिरता माझं एक मत बनत गेलं, की काही देश मुलांसाठी सोयी करून ठेवतात आणि काही देश मुलाला उचलून घेतात. दोन्ही एका ठिकाणी क्वचितच मिळतं.

मराठीत या अनुभवाची सुरुवात फार लवकर झाली. पंडिता रमाबाई 1883 साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. नवरा आदल्याच वर्षी गेलेला. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाची मिळकत कामी आली. इंग्लंडात वाँटेज इथल्या जोगिणींनी मायलेकींना आसरा दिला. रमाबाई शिकत आणि शिकवत होत्या. मुलीला सांभाळायला मायेची माणसं होती. पण सांभाळणाऱ्या हातांचा मुलावर हक्कही तयार होतो. मनोरमेला धर्माचं शिक्षण कुणी आणि कसं द्यायचं, यावरून रमाबाई आणि तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून चांगलीच जुंपली. मूल माझं आहे, ते कुणाच्या साच्यात घालायचं हे मी ठरवीन, हा रमाबाईंचा पवित्रा. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या 11 मार्च 1886च्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा पाच वर्षंही पुरी न झालेली मनोरमा बरोबर होती. पुढे अमेरिकाभर व्याख्यानं देत हिंडायचं म्हटल्यावर मात्र तिला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. दोन समुद्र पार केलेल्या त्या मुलीला पुढे त्यातलं किती आठवत होतं हे विचारण्यापेक्षा, त्या काळी एकट्या आईला मूल घेऊन जगात कुठवर जाता येत होतं, हे तिच्या प्रवासातून दिसतं. व्याख्यानाच्या व्यासपीठापर्यंत नाही, एवढं नक्की.

त्याआधी 1877 साली ज्ञानदानंदिनी देवी तीन लहान मुलांना घेऊन, स्वतः गरोदर असताना, नवऱ्याशिवाय विलायतेला गेल्या होत्या. त्यांचे यजमान सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते. त्या मुक्कामात त्यांना दोन मुलं गमवावी लागली. दुसऱ्या वर्षी रवींद्रनाथ नावाचा धाकटा दीर ब्रायटनला येऊन पोचला आणि उरलेल्या पुतण्या-पुतणीचा खेळगडी झाला. बोटीचा तो काळ आठवला की आजच्या विमानातल्या तक्रारी फार क्षुल्लक वाटायला लागतात. तरीही विमानाबद्दल बोलायला हवं, कारण मुलाबद्दल जगाचं काय मत आहे ते बंद डब्यात स्पष्ट दिसतं.

उतरताना बाळं रडतात त्याचं कारण साधं आहे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी त्यांच्यात अरुंद आणि आडवी असते, बाहेरचा दाब वाढला की कान दुखतो. त्या वेळी दूध पाजलं, चोखणी दिली, की गिळण्याने नळी उघडते. हे आईला ठाऊक असतं. पुढच्या रांगेतल्या माणसाला ठाऊक नसतं, आणि असलं तरी त्याचा काही उपयोग नसतो. इंडिगोने 2016 साली काही रांगा ‘शांत’ म्हणून राखल्या, तिथे बारा वर्षांखालच्यांना जागा नाही. जपान एअरलाइन्सने 2019मध्ये सीट निवडायच्या नकाशावरच लहान मूल कुठे बसणार आहे त्याचं चिन्ह दाखवायला सुरुवात केली. यावर जगभर दोन तट पडले. एकांना ही सोय वाटली, दुसऱ्यांना वाळीत टाकल्यासारखं वाटलं. मला विचाराल तर त्या चिन्हाचा खरा फायदा आईला आहे. मूल शेजारी असणार हे बघूनही जो ती सीट घेतो, त्याच्याशी निदान डोळ्याला डोळा भिडवता येतो.

मांडीवरच्या बाळाची गोष्ट मात्र गमतीची नाही. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं 232 क्रमांकाचं विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीला कोसळलं. मांडीवरच्या मुलांना पायांशी जमिनीवर ठेवा, असं हवाईसेविकेने पालकांना सांगितलं, कारण तेव्हाची शिकवण तशीच होती. अशी चार मुलं होती, त्यातलं एक गेलं. त्या सेविकेने, जॅन ब्राउनने, पुढची कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरली: प्रत्येक मुलाला स्वतःची सीट आणि पट्टा. अमेरिकेच्या विमान नियामकाने ती मान्य केली नाही. त्यांचा हिशेब असा, की सीटचे पैसे पडायला लागले तर कित्येक कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. हिशेब चुकीचा आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही, पण वाचताना घशाशी काहीतरी अडकतं. आणखी एक विसंगती अशी, की आईच्या पट्ट्यात अडकवायचा बाळाचा छोटा पट्टा युरोपात सक्तीचा आहे आणि अमेरिकी विमानांत त्याला मनाई आहे. म्हणजे एकाच कुशीतल्या एकाच बाळासाठी अटलांटिकच्या दोन काठांवर दोन नियम.

सोयींचा देश बघायचा तर स्वीडन. स्टॉकहोममध्ये मूल बसलेली बाबागाडी घेऊन बसमध्ये चढणाऱ्याला तिकीट नाही. कारण अगदी व्यवहारी आहे: गाडी मधल्या दाराने चढते, पैसे पुढे द्यायचे, आणि आईने मूल मागे सोडून पुढे जावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. या ‘कुणी करत नाही’मध्ये सगळं आलं. तिथे 1974पासून बालसंगोपनाची पगारी रजा आईबाप दोघांनाही आहे. आज ती 480 दिवसांची असते आणि त्यातले नव्वद-नव्वद दिवस एकेकाच्या नावाचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. त्यामुळे भर दुपारी बागेत गाडी ढकलणारे बाप दिसतात, आणि पुरुषांच्या प्रसाधनगृहात लंगोट बदलायची फळी असते. आपल्याकडचे नवरे ती फळी बघून आधी दचकतात. मग त्यांना कळतं, की ‘मला जमत नाही’ म्हणायची सोय इथे नाही.

एका देशातली ममता दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते, हेही उत्तरेच्याच एका बाईला कळलं. डेन्मार्कमध्ये बाळाला गाडीत गुंडाळून कॅफेबाहेर थंड हवेत झोपवायचं आणि आईने आत कॉफी प्यायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 1997च्या मे महिन्यात एका डॅनिश आईने न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये तेच केलं. चौदा महिन्यांची लेक खिडकीबाहेर, आईबाप खिडकीच्या आत. कुणीतरी पोलिसांना बोलावलं, आईबापांना अटक झाली आणि मुलगी चार दिवस परक्या घरी ठेवली गेली. गुन्हा पुढे निकालात निघाला. पण कोपनहेगनच्या फुटपाथवर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो तेव्हा अमेरिकी वर्तमानपत्रांत ज्या आश्चर्याने छापले गेले, त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: बाळ बाहेर ठेवायला थंडी सोसावी लागत नाही, शेजाऱ्यावर भरवसा असावा लागतो.

इस्तंबूलला याच्या अगदी उलट. गलात्याच्या उतारावर बाबागाडी म्हणजे शिक्षा. दगडी फरशी, उंच कडा, पायऱ्यांच्या गल्ल्या. चाकांपेक्षा आपलेच हात जास्त वेळ गाडी वाहतात. पण उचलायला दोन पावलांवर माणूस हजर. विचारत नाही, गाडीची पुढची बाजू धरतो आणि चालू लागतो. खाणावळीत बसलं की वेटर बाळाला उचलून थेट भटारखान्यात आचाऱ्यांना दाखवायला नेतो. पहिल्या वेळी आईचा जीव खालीवर होतो. नंतर ती ते जेवणाचा भाग धरून शांतपणे घास घेते. आपण तीट लावतो तसा तिथे अंगड्यावर निळ्या डोळ्याचा मणी टाचतात, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला टोपी, मोजे, वारा यांवर आपल्याला खडसावायचा अधिकार असतो. वाँटेजच्या जोगिणींपासून हा नियम बदललेला नाही. हात आले की सल्ले येतातच.

अशा हातांवर किती लांब जाता येतं, याचा कळस अर्जेंटिनाच्या सॅप कुटुंबाने गाठला. एर्मान आणि कांदेलारिया हे जोडपं 25 जानेवारी 2000 रोजी ब्वेनोस आयरेसहून 1928च्या ग्रॅहम-पेज मोटारीतून अलास्काकडे निघालं. सहा महिन्यांचा बेत होता. परत आले 2022च्या मार्चमध्ये. दरम्यान पाम्पा अमेरिकेत जन्मला, तेहुए अर्जेंटिनात, पालोमा कॅनडात आणि वालाबी ऑस्ट्रेलियात. मुलं शिकली ती पत्रद्वारा शिक्षण आणि आईची शिकवणी यांवर. पैसे संपले की स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक विकायचं, आणि रात्र पडली की कुणाच्यातरी घरी. अशी दोन हजारांवर घरं झाली. लोक मोटारीच्या वयाचं कौतुक करतात. मला त्या दोन हजार सतरंज्यांचं वाटतं. चार पोरं आणि लाकडी आऱ्यांची चाकं घेऊन दारात उभ्या राहिलेल्या परक्या कुटुंबाला ‘या’ म्हणणारे इतके लोक निघाले, ही जगाबद्दलची खरी बातमी आहे.

आता ते ‘काय आठवणार’. तीन-साडेतीन वर्षांआधीचं बहुतेकांना काही आठवत नाही, हे मानसशास्त्राला बराच काळ ठाऊक आहे. पण आठवणीसाठीच निघालेलं एक कुटुंब आहे. कॅनडातल्या एदित लमे आणि सेबास्तियाँ पेल्तिए यांच्या चार मुलांपैकी तिघांना दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार आहे. नजर हळूहळू आक्रसत जाते आणि त्यावर इलाज नाही. डोळे शाबूत आहेत तोवर त्यात जग भरून घ्यावं, म्हणून ते 2022च्या मार्चमध्ये निघाले. त्यांच्यावरचा ‘ब्लिंक’ हा माहितीपट 2024 साली आला. निघण्यापूर्वी त्यांनी मुलांना काय काय करायचं ते विचारलं, तर धाकट्या लोराँची मागणी होती: उंटावर बसून ज्यूस प्यायचा. बापाने डोळ्यांसमोर वाळवंट, गेंडे, सूर्यास्त धरले असतील. पोराला ज्यूस हवा. आणि तो त्याला पाजला गेला. आपल्या यादीत मुलाला ओढणं आणि मुलाच्या यादीत आपण शिरणं, या दोन प्रवासांतलं अंतर त्या एका मागणीत आहे. आयफेल टॉवरखाली उभं राहून कबुतराच्या मागे धावणाऱ्या पोराला ‘वर बघ, वर बघ’ म्हणणारा मराठी बाप मी डोळ्यांनी पाहिला आहे. कबुतर पुण्यातही आहे हे त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण पोराचं लक्ष कबुतरावरच होतं.

सोयी करून ठेवणारे की मुलाला उचलून घेणारे, आपण स्वतः कुठल्या गटातले, हे सांगायला नको. लोकलच्या लेडीज डब्यात बाळ घेऊन चढणाऱ्या बाईकडून ते चौथ्या सीटवरची अनोळखी बाई ‘द्या इकडे’ म्हणून घेते आणि अंधेरी येईपर्यंत खेळवते. तीच आई स्टेशनबाहेर पडली की बाबागाडी घडी करून काखेत मारते, कारण फुटपाथ जिथे सुरू होतो तिथे खांब आहे आणि जिथे संपतो तिथे खड्डा. एसटी स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी खोली आहे आणि तिचं नाव हिरकणी कक्ष आहे. नाव उत्तम. तान्ह्या बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीची याद त्यात आहे. पण कडा उतरणाऱ्या आईचं आपल्याला इतकं कौतुक, की तिच्यासाठी पायऱ्या बांधायचं मनावर घ्यायला आपल्याला वेळ लागतो.

सगळ्यात अनपेक्षित ठिकाण निघालं टोकियो. जपानमध्ये सहा वर्षांखालची मुलं स्वतंत्र सीट न घेता मोठ्यांबरोबर रेल्वेने फुकट जातात. मोठ्या दुकानांतल्या बाळखोलीत दुधाची पावडर कालवायला गरम पाण्याचा नळ, बाळाचा वजनकाटा, पडद्याआडच्या खुर्च्या. आणि सार्वजनिक शौचालयात भिंतीच्या कोपऱ्यात एक छोटी खुर्ची बसवलेली असते, पट्ट्यासकट. एकट्या आईने बाळाला त्यात बसवायचं आणि आपलं आटपायचं. ज्या आईने कधी एका हाताने बाळ सावरत, दुसऱ्या हाताने कडी धरत ही कसरत केली आहे, तिला ती खुर्ची बघून कुठल्याही देवळापेक्षा जास्त भरून येईल. ही खुर्ची ज्याने पहिल्यांदा कागदावर काढली त्याला किंवा तिला माझा नमस्कार.

पण त्याच शहरात गर्दीच्या गाडीत बाबागाडी आणणाऱ्या आईबद्दल लोक खाली बघून नाराजी दाखवतात. वाद इतका वाढला, की 2014 साली सरकारला ‘गाडी घडी न करता चढलात तरी चालेल’ असा नियम आणि त्याचं चिन्ह काढावं लागलं. टोकियोच्या ओएदो या मेट्रो मार्गावर 2019पासून काही डब्यांत मुलाबाळांसाठी राखीव जागा आहे, भिंतीवर थॉमस इंजिनाची चित्रं. 2016पासून एक मोहीम चालते: ‘रडलं तरी चालेल’ असं लिहिलेले स्टिकर लोक फोनला लावतात, म्हणजे रडणाऱ्या बाळाच्या आईला न बोलता कळावं. माया स्टिकरवर लिहून पोचवायची, हे मला आधी विनोदी वाटलं, मग शहाणपणाचं. शेजारच्या दक्षिण कोरियात तर मूल घेऊन येऊ नका अशा पाट्या लावलेली कॅफे आहेत. तिथल्या मानवाधिकार आयोगाने 2017 साली त्याला भेदभाव ठरवलं. त्याच देशाचा जननदर 2023मध्ये 0.72वर आला. मूल दुर्मीळ झालं की त्याच्यासाठी खोल्या सुरेख होतात आणि त्याच्या आवाजाची सवय मात्र मोडते.

टोकियोत रोप्पोंगी स्टेशनला ओएदो मार्गाचा फलाट जमिनीखाली चाळीस मीटरहून खोल आहे आणि लिफ्ट प्रत्येक दारापाशी नाही; नकाशात नेमकं दार शोधावं लागतं. आम्ही तशी लिफ्ट धरून खाली उतरलो आणि त्या थॉमसवाल्या डब्यात शिरलो. समोर एक तरुण जपानी आई, गाडीत सात-आठ महिन्यांचं बाळ, आणि त्याने सूर लावलेला. डब्यातल्या सगळ्यांनी फोनमध्ये डोळे घातले. ती प्रत्येकाकडे बघून मान लववत होती. आमच्या सासूबाई उठल्या, स्वेटरच्या बाहीतून बांगड्या बाहेर काढल्या आणि त्याच्यापुढे बसून वाजवायला लागल्या.

‘‘आई, इथे असं करत नाहीत,’’ मी कुजबुजले.

‘‘मी कुठे उचललं? बांगड्याच वाजवतेय.’’

बाळ गप्प झालं, मग बांगडी ओढायला लागलं. आईने पुन्हा मान लववली. या खेपेला हसत. सासूबाईंनी तेवढ्यात गाडीची चाकं, वरचं छत, खालची पिशवी सगळं निरखून घेतलं होतं.

‘‘अगं, केवढ्याला पडली विचार ना तिला. फारच हलकी दिसते.’’

‘‘घेऊन करायचं काय आई? आपल्याकडे चालवणार कुठे?’’

‘‘सोसायटीच्या आत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गेटपर्यंत.’’